शहरातल्या शिल्पांचे फोटो: नुसती झेरॉक्स होऊ नये म्हणून काय करता?

उन्हाळी_पाखरू

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बर्लिन आणि प्राग असा बेत ठरतोय. व्हिसा, विमा, थंडीचे कपडे यांवर इथे भरपूर धागे आहेत, ते वाचून झालेत. तेव्हा कृपया थर्मलवर चर्चा नको. प्रश्न फोटोंचा आहे.

प्रागमध्ये डाव्हिड चेर्नीची शिल्पं, बर्लिनमध्ये भिंतींवरची चित्रं आणि स्मारकं, दोन्हीकडच्या जुन्या इमारती, संध्याकाळचे दिवे हे सगळं मनसोक्त बघायचं आहे आणि टिपायचंही आहे. पण नेटवर या जागांचे फोटो चाळायला घेतले की वाटतं, सगळ्यांना एकाच फरशीवर उभं राहायची सक्ती आहे की काय? काफ्काचं डोकं समोरून. चार्ल्स ब्रिज मनोऱ्यावरून. बर्लिनच्या भिंतीवरचं सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह आणि पूर्व जर्मनीचे नेते होनेकर यांचं चुंबन मधोमध. शिल्प मुळात दुसऱ्या कुणीतरी डोकं लढवून घडवलेलं असतं. त्याचा नेटका, सरळ फोटो म्हणजे त्याच्या कामाची झेरॉक्स. त्यात माझं काय?

माझं मत असं की शिल्प किंवा इमारत हा फोटोचा विषय नसावा, ते निमित्त असावं. शहर त्याच्याशी कसं वागतं हा विषय. पटतंय का? आणि पटत असेल तर प्रत्यक्षात हे जमवता कसं? माझ्याकडे साधा मिररलेस कॅमेरा, ३५ ची एक प्राइम (झूम नसलेली) लेन्स आणि फोन आहे. सोबत नवरा आहे. तो एका जागी पाच मिनिटांच्या वर टिकत नाही.

टवाळखोर

नवऱ्यालाच शिल्पाशेजारी उभा करा. पाच मिनिटांच्या वर न हलता टिकला तर लोक पुढ्यात नाणी टाकतील. जेवणाचा खर्च निघेल. (हलके घ्या.)

मिसळप्रेमी

धाग्याची वाचनखूण साठवली. बाकी थर्मल मात्र घ्याच हो.

खवचट_आजोबा

एवढे पैसे खर्चून जायचं आणि आयताकृती भोकातून शहर बघायचं! आधी दोन दिवस कॅमेरा खोलीत ठेवा, नुसतं हिंडा. तिसऱ्या दिवशी आपोआप कळेल कशाचा फोटो काढावासा वाटतोय. आमच्या वेळी छत्तीस फोटोंचा रोल असायचा. बोट दाबायच्या आधी माणूस विचार करायचा.

एफ_आठ

आजोबा, निम्मं पटलं. पण डिसेंबरात दोन दिवस कॅमेरा खोलीत ठेवला आणि नेमकं त्याच दिवशी धुकं पडलं तर पाखरूताई तुम्हाला माफ करणार नाहीत.

आता मूळ प्रश्न. पहिली गोष्ट म्हणजे डिसेंबर निवडलात ते उत्तम केलंत. जूनमध्ये प्रागला पाचच्या आत उजाडतं, त्यामुळे रिकामा चार्ल्स ब्रिज हवा तर रात्रीची झोप सोडावी लागते. डिसेंबरात सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि चारला मावळतो. म्हणजे पहाटेचा निळा उजेड माणसासारखं उठून, चहा पिऊन मिळतो. आणि संध्याकाळचा निळा उजेड नेमका ऑफिसं सुटायच्या वेळेला येतो, तेव्हा आकाश अजून पुरतं काळं झालेलं नसतं, दिवे लागलेले असतात आणि रस्त्यावर माणसं असतात. वातावरण वातावरण म्हणतात ते बहुतेक या तासाभरातच असतं. पर्यटक नव्हे, घरी निघालेली माणसं. तुम्ही म्हणता तो ‘शहर कसं वागतं’ हा प्रकार इथे फुकट मिळतो.

दुसरं, लेखक काफ्काचं डोकं. नारोद्नी त्रशीदा मेट्रो स्टेशनच्या बाहेर आहे, २०१४ सालचं. चकचकीत स्टीलच्या ४२ चकत्या एकावर एक रचून अकरा मीटर उंच डोकं केलंय. ठरावीक वेळी चकत्या वेगवेगळ्या फिरतात, चेहरा विस्कटतो, पुन्हा जुळतो. सगळे जण चेहरा जुळण्याची वाट बघतात आणि तेव्हा क्लिक करतात. तुम्ही उलट करा. अर्धवट विस्कटलेला असताना शटर पाव सेकंदावर न्या, कठड्याला कोपरं टेकवा. काही चकत्या सरकताना पुसट होतात, थांबलेल्या धारदार येतात. शिवाय ते स्टील आरसा आहे. ढगाळ दिवशी त्यात नुसतं राखाडी आकाश येतं, पण दिवे लागल्यावर आजूबाजूच्या खिडक्या तुकड्या-तुकड्यांनी प्रत्येक चकतीत उतरतात. जवळ जाऊन फक्त तीन-चार चकत्याच घ्या. नाक कुठे, डोळा कुठे कळत नाही, तेच बरं.

तिसरं, हुसोवा गल्लीतला लटकता माणूस. घराच्या माथ्यावरून निघालेल्या तुळईला एका हाताने लोंबकळतोय आणि दुसरा हात मजेत खिशात. तो मानसशास्त्रज्ञ फ्रॉइड आहे. खालून वर कॅमेरा धरला की पांढऱ्या आकाशावर काळी आकृती, एवढंच मिळतं, आणि असे फोटो हजारो पडलेत. त्यापेक्षा गल्लीच्या टोकाला उभ्या राहा. खालून शंभर लोक मान न उचलता जातात आणि मध्येच एक जण वर बघून जागच्या जागी थबकतो. फोटो त्याचा.

उन्हाळी_पाखरू

एफ_आठ, दंडवत घ्या! पण गल्लीच्या टोकाला थांबायचं म्हणजे पाच मिनिटांत कसं भागायचं? नवऱ्याला कोपऱ्यावरच्या बिअरच्या दुकानात बसवावं लागणार.

टवाळखोर

प्रागमध्ये हा उपाय म्हणून सांगावा लागत नाही, तो आपणहून जाईल. तुम्हाला दिवसभर मिळेल.

निळी_शाई

मी थोडी उलट बाजू मांडते. ‘झेरॉक्स’ला एवढं हिणवू नका. रस्त्यावरची कला टिकते असं कुणी सांगितलं? बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागात कुव्री रस्त्यावर ब्लू नावाच्या इटालियन कलावंताची दोन अवाढव्य भित्तिचित्रं होती. एकात डोकं नसलेला माणूस टाय नीट करतोय आणि त्याच्या दोन्ही मनगटांतली सोन्याची घड्याळं साखळीने जोडलेली, म्हणजे बेडीच. २०१४ च्या डिसेंबरात एका रात्रीत दोन्ही काळ्या रंगाने पुसली गेली. आणि पुसली कुणी, तर कलावंताच्या संमतीने त्याच्याच साथीदारांनी. त्या रिकाम्या प्लॉटवर महागडी घरं येणार होती, आणि आपल्या चित्रामुळे त्या घरांचा भाव वाढावा हे त्याला नको होतं. आज ते चित्र बघायचं तर कुणाकुणाचे सरळ, मधोमध, ‘कंटाळवाणे’ फोटोच आहेत. कोणी फक्त टाय आणि पुढ्यातली सायकल घेतली असती तर?

म्हणून मी आधी एक सरळ फोटो काढते, कडेच्या रेषा उभ्या-आडव्या सांभाळून. तो नोंदीसाठी. मग हवी ती कलाकुसर.

माझ्या बर्लिनच्या फोटोंचा अल्बम इथे देतेय. (दुवा)

अर्धवट_चहा

निळी_शाईतै, फोटो दिसत नाहीयेत.

मिसळप्रेमी

मलाही नुसते करडे चौकोन दिसतायत. हीच का ती आधुनिक कला?

निळी_शाई

शेअरिंग बदललं. आता बघा.

स्प्रेकाठचा

निळी_शाई यांच्याशी सहमत. त्या काळ्या भिंतींचेही लोकांनी फोटो काढले हे मात्र गमतीचं. बर्लिनमध्ये बरीच वर्षं राहतोय म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

चुंबनाचं चित्र आधी निकालात काढू. ते ईस्ट साइड गॅलरीत आहे. ही गॅलरी म्हणजे शिल्लक राहिलेल्या बर्लिन भिंतीचा सव्वा किलोमीटरहून थोडा लांब तुकडा, १९९० मध्ये रंगवलेला. ते चित्र दिमित्री व्रुबेल यांचं. पण त्यांनी ते काढलं एका फोटोवरून. १९७९ मध्ये पूर्व जर्मनीच्या तिसाव्या वाढदिवशी फ्रेंच छायाचित्रकार रेजिस बॉसू यांनी टिपलेला क्षण आहे तो. पुढे चित्र खराब झालं म्हणून २००९ मध्ये व्रुबेलनी पुन्हा रंगवलं. म्हणजे फोटोवरून चित्र, चित्रावरून पुन्हा चित्र, त्याच्यावरून तुमचा फोटो. पाखरूताईंच्या हिशेबाने झेरॉक्सची झेरॉक्स. तिथे मी कॅमेरा उलट्या बाजूला वळवतो. चित्रासमोर रांग लावून तशीच पोज देणारी जोडपी, ‘आता तू ब्रेझनेव्ह हो’ अशी वाटावाटी, हे चित्राइतकंच बघण्यासारखं असतं.

माझी खरी शिफारस बेबेलप्लात्सची. १० मे १९३३ ला नाझी विद्यार्थ्यांनी याच चौकात पुस्तकं जाळली. इस्रायली शिल्पकार मिखा उलमान यांनी १९९५ मध्ये तिथे जमिनीखाली एक पांढरी खोली केली. चारी बाजूंना रिकामी फडताळं, साधारण वीस हजार पुस्तकं मावतील एवढी. वर फरशीत चौकोनी काच. बस. ना चौथरा, ना कुंपण. लांबून चौकात काहीच दिसत नाही, फक्त काही माणसं गोल करून खाली बघत उभी दिसतात.

फोटो काढायला ही जागा महाकठीण. दिवसा काचेत खालची खोली कमी आणि आकाश जास्त. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावून बघाल, पण सरळ खाली बघताना त्याचा उपयोग नाही, तो तिरप्या कोनातच काम करतो. काचेवर हजारो बुटांचे ओरखडे, त्यात डिसेंबरात कधी आतून बाष्प. लेन्सचं तोंड काचेला टेकवून भोवती मफलर गुंडाळला तर प्रतिबिंब जातं आणि खालची फडताळं स्वच्छ येतात. अंधार पडल्यावर खोलीतला दिवा वर येतो, तेव्हा त्याचीही गरज उरत नाही.

पण मला आवडतो तो फोटो प्रतिबिंबासकटचा. वाकून बघणाऱ्या माणसाचा चेहरा काचेत उमटतो आणि त्या चेहऱ्याच्या आरपार रिकामी फडताळं दिसतात. फोकस फडताळांवर ठेवायचा, चेहरा किंचित पुसट. संधिप्रकाशात पंधरा-वीस मिनिटं अशी येतात की वरचा उजेड आणि खालचा उजेड तोलात असतात. तेवढीच वेळ.

उन्हाळी_पाखरू

हे वाचून आत्ताच यादीत पहिल्या क्रमांकावर टाकलं. असंच काहीतरी हवं होतं.

खवचट_आजोबा

हे मात्र मानलं. मफलरचा असाही उपयोग असतो हे ठाऊक नव्हतं.

मिसळप्रेमी

बघा, शेवटी गरम कपड्यांवर चर्चा आलीच.

अर्धवट_चहा

माझा प्रश्न जरा अडचणीचा. स्मारकाच्या जागी फोटो काढावेत का, आणि कसे? बर्लिनच्या ज्यूंच्या स्मारकात काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उड्या मारणारी, हसत सेल्फी काढणारी मंडळी बघून मला कसंसंच झालं होतं. मी एकही फोटो काढला नाही.

निळी_शाई

२०१७ मध्ये व्यंगकार शाहाक शापिरा यांनी अशाच सेल्फी घेऊन, मागचे ठोकळे काढून तिथे छळछावण्यांतली दृश्यं लावली होती. फार गाजलं. त्या सेल्फीवाल्यांनी संपर्क साधल्यावर त्यांनी ते काढूनही टाकलं. मला ते योग्य वाटलं होतं.

स्प्रेकाठचा

मला नाही वाटलं. त्या स्मारकाचे वास्तुकार पीटर आयझेनमन यांनी २००५ मध्ये उद्घाटनाच्या वेळीच सांगितलं होतं की लोक इथे डबे खातील, मुलं पकडापकडी खेळतील, मॉडेल येऊन फोटो काढून घेतील. त्यांना कळत होतं आपण काय बांधतोय. २७११ ठोकळे आहेत आणि मध्ये कुठेही पाटी नाही. कडेचे ठोकळे बसण्याइतके बुटके. आत उतरत गेलात की जमीन खाली जाते, ठोकळे डोक्यावरून वर जातात आणि रस्त्याचा आवाज कमी होतो. दोन फुटांवरून कुणीतरी आडवं जातं आणि नाहीसं होतं. त्याचाच फोटो काढा ना. मुलं पळतायत तर पळतायत, तेही त्या जागेचं खरंच आहे. फक्त ठोकळ्यावर चढायचं नाही. तिथल्या नियमातही ते बसत नाही.

अर्धवट_चहा

वास्तुकाराने परवानगी दिली म्हणून सगळं योग्य ठरत नाही हो. ज्यांचं स्मारक आहे त्यांना विचारायची सोय नाही.

बुडापेस्टला डॅन्यूबच्या काठावरचे लोखंडी बूट बघितले होते. साठ जोड. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ज्यूंना काठावर उभं करून, बूट काढायला लावून गोळ्या घातल्या, त्याची आठवण. तिथे लोक बुटांत मेणबत्त्या, फुलं, कुणी चॉकलेटसुद्धा ठेवतात. लहान मुलाच्या बुटात ठेवलेलं चॉकलेट बघून माझ्याच्याने कॅमेरा काढवला नाही. ज्याचा त्याचा प्रश्न.

एफ_आठ

ज्याचा त्याचा प्रश्न, मान्य. पण आत्ता तुम्ही दोन ओळींत जे दाखवलंत तो फोटोच आहे.

वकिलीण

कुणी कायद्याचं बोललं नाही म्हणून मी शिंतोडे उडवते.

रस्त्यावर कायमस्वरूपी उभ्या असलेल्या कलाकृतीचा फोटो काढणं आणि छापणं याला युरोपात देशागणिक वेगळा नियम आहे. जर्मनी आणि चेकमध्ये तशी मोकळीक आहे. सार्वजनिक रस्त्यावरून दिसतं ते टिपा, विका, पोस्टकार्ड करा. पण जर्मनीत त्यालाही पाचर आहे. एक, कलाकृती कायमची असली पाहिजे. १९९५ मध्ये क्रिस्टो आणि जान-क्लोद या कलावंतांनी संसदेची इमारत राइशटाग कापडात गुंडाळली होती. त्या पोस्टकार्डांचा खटला सर्वोच्च पातळीवर गेला आणि निकाल लागला की हे तात्पुरतं होतं, सवलत नाही. दोन, नजर रस्त्यावरूनच हवी. व्हिएन्नाच्या हुंडर्टवासरच्या रंगीबेरंगी घराचा फोटो कुणी समोरच्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरून काढला होता, तोही जर्मन न्यायालयाने सवलतीबाहेर ठरवला. २०२४ मध्ये ड्रोनचंही तेच झालं.

फ्रान्समध्ये २०१६ च्या कायद्याने जेमतेम सूट दिली, तीही खाजगी व्यक्तीला आणि धंदा करणार नसाल तर. आयफेल टॉवर दिवसा मोकळा, आयफेलसाहेब १९२३ ला गेले. पण रात्रीची रोषणाई अलीकडची, तिच्यावर हक्क सांगितला जातो. कोपनहेगनची जलपरी त्याहून कडक. सव्वा मीटरची मूर्ती, १९१३ ची, पण शिल्पकार एडवर्ड एरिक्सन १९५९ ला वारले म्हणून हक्क अजून वारसांकडे. तिचं व्यंगचित्र आणि मास्क घातलेला फोटो छापल्याबद्दल एका डॅनिश वृत्तपत्राला खालच्या कोर्टांनी दंड लावला होता. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

घरच्या अल्बमला आणि इथे दाखवायला यातलं काही आडवं येत नाही. कॅलेंडर छापून विकणार असाल तर बघा. आणि आपल्याकडे सगळं चालतं असं समजू नका. भारतीय कायद्यात सार्वजनिक जागेतली शिल्पं आणि इमारती यांच्या फोटोंना मुभा आहे, भिंतीवरच्या चित्रांना ती नाही.

टवाळखोर

म्हणजे जलपरी सव्वा मीटर आणि तिची फाइल सव्वाशे मीटर.

मिसळप्रेमी

ब्रुसेल्सच्या शू करणाऱ्या पोराचं काय? तो तरी मोकळा आहे ना?

वकिलीण

तो १६१९ चा. सगळ्याच अर्थांनी मोकळा. उंची मात्र ५५ सेंटिमीटरच्या आसपास, आणि कोपऱ्यावर दिसतो तो नमुना आहे, मूळ मूर्ती शहराच्या संग्रहालयात. त्याच्यापेक्षा त्याला बघून लोकांचे पडलेले चेहरे टिपा.

उन्हाळी_पाखरू

वकिलीणबाई, माणसांचं काय? मला तर शिल्पांपेक्षा माणसंच जास्त हवीयत फोटोत. जर्मन लोक चिडतात असं ऐकलंय.

स्प्रेकाठचा

चेहऱ्याबाबत इथले लोक हळवे आहेत हे खरं. कायदाही जुना, १९०७ चा. फोटो प्रसिद्ध करायला त्या माणसाची संमती लागते, पण दृश्यात तो केवळ ओघाने आला असेल तर चालतं. व्यवहारात सांगायचं तर पाठमोरा माणूस, छत्रीखालचा माणूस, ट्रामच्या ओल्या काचेआडचा माणूस. डिसेंबरात सगळे टोपी-मफलरात गुंडाळलेलेच असतात, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. लहान मुलांचे चेहरे मात्र घेऊ नका. आणि कुणी हात हलवून नको म्हटलं तर तिथेच डिलीट करून दाखवा. वाद घालू नका.

ग्लासगोची_सून

‘शहर कलेशी कसं वागतं’ यावर आमच्या ग्लासगोचं उदाहरण द्यायलाच हवं. आधुनिक कलेच्या संग्रहालयासमोर ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा घोड्यावरचा पुतळा आहे, मारोचेत्तीने केलेला, १८४४ चा. गेली कित्येक वर्षं त्याच्या डोक्यावर रस्त्यावरचा केशरी ट्रॅफिक कोन असतो. पालिका काढते, रात्रीतून परत बसतो. २०१३ मध्ये पालिकेने चौथरा दुप्पट उंच करायचा घाट घातला. लोकांनी एवढा गदारोळ केला की बेत गुंडाळावा लागला. आणि २०२३ मध्ये रस्त्यावरच्या भिंती रंगवणाऱ्या बँक्सी या कलावंताने त्याच संग्रहालयात प्रदर्शन भरवलं ते या कोनाखातर. देशातली आपली सर्वांत आवडती कलाकृती हीच, असं त्यानं सांगितलं.

आता सांगा, कोन नसलेला ड्यूक कोण टिपेल? आमच्या सासूबाईंच्या मते पुतळा नागडा वाटतो.

टवाळखोर

आपल्याकडे कुठल्या पुतळ्याला साधी टोपी घालून बघा. दुसऱ्या दिवशी फोटो काढायला रस्त्यावर बस नसेल.

पणजीकर

तुमच्या यादीत नसली तरी एक जागा सुचवतो, पुढच्या खेपेसाठी. पोर्तुगालात पोर्तोचं साओ बेंतो रेल्वे स्टेशन. प्रवेशाच्या दालनात निळ्या-पांढऱ्या अझुलेज फरशांचं चित्र, वीस हजारांच्या आसपास फरशा, चित्रकार जॉर्ज कुलासो. त्याच कुलासोंचं काम आमच्या पणजीत आहे, मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनात, १९३५ चं. पणजीत अनेकजण समोरच्या रस्त्यावरून रोज जातात आणि आत डोकावत नाहीत.

दोन्हीकडे फोटोची अडचण एकच, झिलई. फ्लॅश मारलात की चित्रावर पांढरं भगदाड. साओ बेंतोत दारांतून येणारा उजेडही फरशांवर चमकतो. थोडं बाजूला सरकून तिरपं उभं राहायचं, चमक कुठून कुठे सरकते ते बघायचं, आणि मग ती चमक चित्राच्या ज्या भागात काही घडत नाही तिथे बसवायची. पूर्ण घालवायच्या मागे लागू नका, फरशी मग छापील कागद वाटायला लागते. आणि पोर्तोत थोडं खाली बघा. वर सहाशे वर्षांहून जुन्या लढाया आणि राजे, खाली चाकांची बॅग ओढत गाडी पकडायला धावणारी माणसं. कोणीच वर बघत नाही.

निळी_शाई

पणजीकर, तुमच्या पणजीच्या दालनाचे फोटो टाका ना.

पणजीकर

टाकतो. आत काढायचे म्हणजे आधी विचारून घेतो.

मिसळप्रेमी

अवांतर: प्रागला शाकाहारी काय मिळतं?

टवाळखोर

बिअर.

एफ_आठ

परत मुद्द्यावर. काही तांत्रिक राहिलं होतं.

बर्लिनमध्ये अजून हजारो गॅसचे दिवे आहेत, शार्लोटेनबुर्ग आणि क्रॉइत्सबर्गच्या आतल्या गल्ल्यांत मिळतील. प्रागलाही चार्ल्स ब्रिजवर आहेत. त्यांचा उजेड पिवळट आणि मऊ असतो. कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर ठेवलात तर तो इमानेइतबारे ते पिवळेपण धुऊन काढेल. डेलाइटवर ठेवा, फारच केशरी वाटलं तर घरी आल्यावर कमी करा. रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढत असाल तर चिंताच नाही.

एलईडीच्या रोषणाईत सायलेंट शटर वापरू नका, फोटोत आडवे पट्टे येतात.

थंडीत बॅटरी भसाभस उतरते. जादाची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. आणि बाहेरून एकदम गरम कॅफेत शिरताना कॅमेरा पिशवीत घालून चेन लावा, नाहीतर लेन्सवर दव धरतं आणि अर्धा तास काहीच दिसत नाही.

एकच ३५ आहे हे भाग्य समजा. मोठ्या झूमने मनोऱ्यावरची बाळं ओढून घ्यायचा मोह होणार नाही. झिझ्कोवचा टीव्ही टॉवर २१६ मीटर उंच, त्यावर चेर्नीची तोंडाच्या जागी खाचा असलेली रांगती बाळं. जवळून बघायची तर तशीच ब्राँझची कांपा बागेत आहेत. टॉवर मात्र लांबूनच घ्या. झिझ्कोवच्या चढाच्या गल्लीत पुढे किराणा दुकान, कचऱ्याचे डबे, पार्क केलेल्या स्कोडा, आणि घरांच्या मागून तो विचित्र मनोरा डोकावतोय. पोस्टकार्डातलं प्राग पुरे झालं की तिकडे जा.

स्प्रेकाठचा

बर्लिनसाठी एक राहिलं. चालताना खाली बघत चला. घरांच्या दारापुढे फुटपाथमध्ये दहा बाय दहा सेंटिमीटरचे पितळी ठोकळे दिसतील, नाझींच्या बळींच्या आठवणीचे. गुंटर डेमनिग यांनी १९९२ पासून बसवायला घेतले, आता युरोपभर लाखाच्या वर आहेत. ‘इथे राहत होते’ असं लिहून नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कधी मारलं. ९ नोव्हेंबरच्या, म्हणजे १९३८ च्या ज्यूविरोधी हिंसाचाराच्या स्मृतिदिनाच्या सुमाराला गल्लीतली माणसं येऊन ते घासतात, तेव्हा तुम्ही याल तोवर बरेच लखलखीत असतील. सरळ वरून काढलेला फोटो नोंद म्हणून ठीक. पण गुडघ्यावर बसून कॅमेरा फुटपाथला टेकवलात तर पितळ पुढे आणि मागे ते दार येतं, ज्यातून ती माणसं नेली. दारात आजची सायकल, आजची नावं लिहिलेल्या बेलची पाटी. तुमच्या प्रश्नाचं मला सुचणारं उत्तर हे. कलाकृती जिथे आहे तिथेच का आहे, ते फ्रेममध्ये यायला हवं.

खवचट_आजोबा

प्रागच्या पुलावरही हेच करा. तीस पुतळे आहेत, बहुतेकांच्या मूळ मूर्ती आत नेऊन ठेवल्यात आणि पुलावर नमुने उभे आहेत. पुतळ्यांचा कंटाळा आला तर संत नेपोमुकच्या पुतळ्याच्या पायाशी बघा. दोन ब्राँझच्या पाट्या आहेत, बाकी सगळं काळवंडलेलं, पण लोकांनी हात लावून लावून एका पाटीवरचा कुत्रा आणि दुसरीवरचा पाण्यात पडणारा संत सोन्यासारखे पिवळे केलेत. संताला हात लावला की नशीब फळफळतं म्हणतात. कुत्र्याला का लावतात विचारू नका. एका हाताचा फोटो मीही काढलाय. लोकरी हातमोजा दातात धरून उघडा केलेला हात होता.

टवाळखोर

आजोबांनी फोटो काढला! तोही दोन दिवस वाट न बघता?

खवचट_आजोबा

तो छत्तीसातला एक होता रे.

अर्धवट_चहा

लुसेर्ना पॅसेज राहिलाच की. बाहेर वेन्सेस्लास चौकात राजा रुबाबात घोड्यावर, आणि शेजारच्या पॅसेजमध्ये तोच राजा छताला उलट्या टांगलेल्या मेलेल्या घोड्याच्या पोटावर बसलाय. चेर्नीचाच, १९९९ चा. वरच्या मजल्यावरच्या कॅफेतल्या खिडकीशी जागा मिळाली तर राजा डोळ्यांच्या समोर येतो. तिथे नवरोबाही पाच मिनिटांच्या वर टिकतील, कॉफी आहे.

उन्हाळी_पाखरू

मंडळी, मनापासून आभार. यादी उलट छाटली मी. बर्लिनला बेबेलप्लात्स संधिप्रकाशात, पितळी ठोकळे जिथे दिसतील तिथे, आणि चुंबनासमोरची रांग. प्रागला काफ्का अंधार पडल्यावर, हुसोवा गल्ली, लुसेर्ना, झिझ्कोव. चार्ल्स ब्रिज एकदा सकाळी, फक्त हातांसाठी. निळी_शाई, तुमचंही ऐकणार आहे, प्रत्येक ठिकाणी आधी एक सरळ फोटो. ‘शिल्प हा विषय नसावा’ हे माझं म्हणणं जरा ताणलेलं होतं. स्प्रेकाठचांचं ‘तिथेच का आहे’ जास्त पटलं. ज्यूंच्या स्मारकाचं तिथे गेल्यावर ठरवीन.

शेवटचा प्रश्न. बर्लिन-प्राग रेल्वेने करतोय. खिडकी कुठली घ्यावी?

स्प्रेकाठचा

डावीकडची. ड्रेस्डेन गेलं की एल्बे नदी त्याच बाजूला येते आणि सीमेपर्यंत वाळूच्या दगडाचे कडे सोबत करतात. पण सकाळची गाडी घ्या. दुपारची घेतलीत तर कडे यायच्या आत अंधार. काच गाडीची असते, स्वच्छ असेलच असं नाही. एक फडकं जवळ ठेवा.

मिसळप्रेमी

आणि थर्मल.